बाभळीचे लाकूड आणि सागाची फूटपट्टी

शेतातल्या आणि खासगी जमिनीवरच्या झाडांच्या तोडीवर नियंत्रण ठेवणारा कायदा महाराष्ट्रात १९६४ साली झाला. परवानगीवाचून जी झाडे तोडता येत नाहीत त्यांची नावे त्याच्या अनुसूचीत आहेत. साग, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन ही तिथे आहेत. आंबा, फणस, चिंच, मोह, जांभूळ, हिरडा हेही आहेत. परभणी जिल्ह्यात बांधावर, ओढ्याकाठी आणि गायरानात जे झाड हमखास भेटते, ती बाभूळ मात्र यादीत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे सोयीचेच झाले. आपल्या बांधावरची बाभूळ तोडायला कुणाच्या सहीशिक्क्याची वाट पाहावी लागत नाही. जे दुर्मीळ आणि महाग ते आधी राखायचे, हा यादीमागचा विचारही समजण्याजोगा आहे. तरी अशी यादी झाडांना नुसते संरक्षण देऊन थांबत नाही, त्यांची पायरीही ठरवून टाकते. यादीतली झाडे इमारती लाकडाची, बाहेरची जळणाची, असा समज लोकांत आणि बाजारात पक्का होतो. बाभळीच्या बाबतीत तो इतका पक्का झाला आहे की तिचे खोड आज घनफुटावर मोजले जात नाही, क्विंटलवर तोलले जाते. हा समज लाकडाच्या गुणांवरून बनलेला नाही, चुकीच्या मोजमापावरून बनला आहे, असे या प्रकरणाचे म्हणणे आहे.

भारतात लाकडाचे शास्त्रशुद्ध मोजमाप प्रामुख्याने डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत झाले. ही संस्था १९०६ साली स्थापन झाली. तिथे एक उपयुक्त पद्धत रूढ झाली: सागाचा प्रत्येक गुण १०० धरायचा आणि इतर लाकडांचे वजन, ताकद, ताठरपणा, कठीणपणा, धक्का सोसण्याची शक्ती, आकार टिकवण्याची क्षमता हे सगळे त्याच्या प्रमाणात मांडायचे. तुलनेला एक ठरलेला मापदंड हवाच, आणि साग सर्वांच्या ओळखीचा असल्याने निवड योग्यच होती. गडबड झाली ती पुढे, प्रयोगशाळेबाहेर. कोष्टकात प्रत्येक गुणाचा आकडा वेगळा होता; व्यवहारात मात्र सगळ्या गुणांची मिळून एकच उतरंड झाली आणि तिच्या माथ्यावर साग बसला. सागाचा खरा मोठेपणा कशात आहे? तो कमी आकसतो, कमी फुगतो, वाकत-पिळत नाही; त्याच्या अंगच्या तेलकट द्रव्यांमुळे वाळवी त्याला सहसा लागत नाही; आणि ताकदीच्या मानाने तो हलका आहे. दार, खिडकी, तुळई, जहाजाची फळी यांना हेच गुण हवेत, कारण या वस्तूंनी वर्षानुवर्षे आपला आकार न बदलता जागच्या जागी राहायचे असते. पण शेतात आणि रस्त्यावर लाकूड असे स्वस्थ बसत नाही. ते आपटते, घासते, गचके खाते, पिळवटले जाते. तिथे लागणारे गुण वेगळे, आणि त्या गुणांच्या रकान्यांत सागाचे १०० हे काही फार मोठे गुण नाहीत.

बाभळीचे वाळलेले लाकूड घनमीटरला सुमारे ८०० किलो किंवा त्याहून थोडे अधिक भरते. साग साधारण ६५० किलो. सुताराच्या हिशेबात सांगायचे तर सागाचा घनफूट अठरा-एकोणीस किलोचा आणि बाभळीचा बावीस-तेवीसच्या घरात. हा फरक कुठून येतो ते पाहिले की पुढचे बरेच काही उलगडते. लाकूड कोणत्याही झाडाचे असो, त्याच्या पेशींच्या भिंती ज्या द्रव्याच्या असतात त्याची घनता जवळजवळ सारखीच असते, पाण्याच्या सुमारे दीडपट. लाकडे हलकी-जड होतात ती आतल्या पोकळीमुळे. सागात भरीव भाग साधारण चाळीस टक्के निघेल, तर बाभळीत जवळजवळ निम्मा. तिच्या तंतूंच्या भिंती जाड, आतली पोकळी अरुंद. शिवाय हे तंतू सरळ एका दिशेने न जाता थराथराने उलटसुलट तिरके गुंतलेले असतात. त्यामुळे कुऱ्हाडीचा घाव सरळ चीर पाडत जात नाही, मध्येच अडतो. बाभूळ फोडताना जळणवाल्याच्या तोंडून जे शब्द निघतात त्यांचे मूळ या गुंत्यात आहे. कठीणपणात बाभूळ सागाच्या जवळजवळ दुप्पट मानली जाते आणि धक्का सोसण्यातही ती सागाच्या बरीच पुढे आहे. ताठरपणात तिला असे काही आधिक्य नाही, आणि आकार टिकवण्यात साग तिला सहज मागे टाकतो. तिचा बाहेरचा रसकाठाचा भाग पांढुरका-पिवळसर व चांगला जाड असतो. आतले सारकाष्ठ तोडल्यावर गुलाबी-तपकिरी दिसते आणि हवा लागून पुढे तांबूस काळसर होते. टिकण्याच्या बाबतीत या दोन भागांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्याचा विचार पुढे करावाच लागेल.

आता हे लाकूड परभणीचेच का, ते पाहू. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा हा गोदावरीच्या काठाचा पट्टा. उत्तरेला सेलू आणि जिंतूरच्या बाजूने दुधना आणि पूर्णा या नद्या येतात. जिल्ह्याचा मोठा भाग खोल काळ्या जमिनीचा आहे. ही जमीन पावसात फुगते, चिकट होते, पाणी धरून ठेवते, आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. सागाला पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते. साचलेल्या पाण्यात त्याची मुळे गुदमरतात. म्हणून या भागात साग दिसतो तो जिंतूरकडच्या डोंगराळ, मुरमाड पट्ट्यात, तोही फारसा भरदार नाही. चांगला साग पूर्वेकडून, किनवटच्या जंगलातून यायचा. परभणी हा राज्यात सर्वात कमी वनाच्छादन असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे, आणि हे केवळ अलीकडच्या तोडीचे फळ नाही. इतकी सुपीक सपाट जमीन फार पूर्वीच नांगराखाली गेली. जंगल नाही, साग दूर, आणि शेती मात्र अवजड जमिनीतली. अशा ठिकाणी लाकडाची गरज भागवणारे झाड बांधावरच उगवणारे हवे. बाभूळ नेमकी काळ्या जमिनीत रमते. पुराचे पाणी काही काळ उभे राहिले तरी ती तग धरते, दुष्काळातही धरते, द्विदल कुळातली असल्याने मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र साठवते, आणि शेरडे-मेंढरे तिच्या शेंगा खाऊन बी सगळीकडे टाकत जातात. शेजारच्या वऱ्हाडात इंग्रजी अमदानीतल्या वनखात्याने बाभूळबने मुद्दाम राखली होती. निजामाच्या राज्यातल्या परभणीत हे काम शेतकऱ्याच्या बांधाने केले.

या लाकडाची खरी परीक्षा बैलगाडीच्या चाकात होत असे, म्हणून तिथे जरा थांबले पाहिजे. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर बसवलेले परिघाचे वाकडे तुकडे आणि त्यांच्यावर लोखंडी धाव असे हे चाक. त्यात एकही खिळा भार उचलत नाही; सगळा भार लाकडाच्या सांध्यांवर. चाक फिरत असताना गाडीचे आणि मालाचे वजन त्या क्षणी खाली असलेल्या एकदोन आऱ्यांवर येते, मग पुढच्यावर, मग त्याच्या पुढच्यावर. काळ्या रानातली वाट म्हणजे पावसाळ्यात चिखल आणि त्यानंतर दगडासारख्या वाळलेल्या चाकोऱ्या. चाक चाकोरीत आपटले की तो हादरा आऱ्याच्या टोकातून तुंब्याच्या खाचेत जातो. तिथे लाकूड मऊ असेल तर खाच दबून रुंद होते, आरा हलू लागतो, आणि एकदा हललेला आरा पुढच्या प्रत्येक गचक्याला स्वतःची खाच स्वतःच पोखरतो. तंतू सरळ असतील तर तुंबा खाचेपासून चिरतो, कारण एका तुंब्यात डझनभर खाचा पाडल्यावर मध्ये लाकूड उरते किती? तुंब्याला दबले न जाणारे आणि न चिरणारे लाकूड हवे, आऱ्याला न मोडणारे, परिघाला झीज सोसणारे. दार-खिडकीला लागणारे सगळे गुण सागात आहेत, पण ही तीन कामे बाभूळ त्याच्याहून चांगली करते. बाभळीचा दोष म्हणजे ती ऋतूप्रमाणे अधिक आकसते-फुगते, आणि तोही चाकाच्या रचनेने सांभाळून घेतलेला आहे. धाव मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करायची, शेणी-लाकडांच्या जाळात तापवून फुगवायची, चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचे. थंड होताना ती आकसते आणि सगळे सांधे एकाच वेळी आवळते. वैशाखात पारा ४२ अंशांच्या वर जाऊन लाकूड सुकून सैल पडलेच, तर चाके पाण्यात भिजवून ती पुन्हा घट्ट करता येत. लाकडाचे दोष माहीत असणाऱ्या माणसाने बेतलेली ही रचना आहे.

चाकाखालोखाल औतांचा क्रम लागतो. लाकडी नांगराचे खोड, हाळस आणि रुमणे, वखराचे खोड, तिफणीचे दिंड आणि फण, जुवाच्या शिवळा, कुऱ्हाड-कुदळीचे दांडे, उसाच्या जुन्या लाकडी चरकाच्या लाटा, तेलघाण्याचे उखळ: ही यादी वाचताना एक गोष्ट लक्षात यावी. यातल्या प्रत्येक वस्तूला घर्षण किंवा धक्का, बहुतेकींना दोन्ही सोसावे लागते. सुताराने बाभूळ सरसकट कुठेही घातलेली नाही. बैलाच्या मानेवर येणारे जू शक्यतो हलक्या लाकडाचे; बी खाली सोडणारे नळे बांबूचे; घराच्या दाराला ऐपत असेल तर सागच. बाभूळ हाताशी होती म्हणून नाइलाजाने वापरली, असे म्हणणाऱ्याने या निवडीचा विचार करावा. नाइलाज असता तर जूही बाभळीचेच झाले असते. जिथे वजन नको तिथे ती टाळली आणि जिथे मार सोसायचा तिथे ती मुद्दाम घेतली, याचा अर्थ गुण पारखून घेतली. डेहराडूनच्या कोष्टकात जे रकाने वेगवेगळे मांडले आहेत, ते गावच्या सुताराने हाताच्या अनुभवाने फार आधीच वेगळे केले होते.

मग इतक्या कामाच्या लाकडाची किंमत का झाली नाही? याचे उत्तर लाकडात सापडत नाही, ते व्यवहारात शोधावे लागते. साग सरकारी जंगलातून येत असे. तो आगारात रचला जाई, त्याची प्रतवारी होई, लिलाव होई, भाव ठरे, वाहतुकीचा परवाना लागे. या प्रत्येक टप्प्यावर कागद तयार झाला आणि कागदामुळे सागाची किंमत सर्वांना दिसत राहिली. बाभूळ शेतकऱ्याच्या बांधावरून थेट सुताराच्या दारात गेली. लाकूड शेतकऱ्याचे, मजुरी सुताराची, आणि मोबदला सुगीला बलुते म्हणून धान्यात. लाकडाला वेगळा भाव ठरवण्याची वेळच कधी आली नाही. उपयोग प्रचंड आणि भाव शून्य, अशी ही स्थिती शतकानुशतके चालली. बलुतेदारी मोडली, बैलगाड्या कमी झाल्या, तेव्हा बाभूळ पहिल्यांदा बाजारात आली आणि बाजारात तिला ओळखणारी दोनच गिऱ्हाइके भेटली: वीटभट्टी आणि लाकडाची वखार. तिथे तिचा जो भाव लागला तोच तिचा कायमचा भाव ठरला. दर्जा कमी म्हणून भाव कमी, असा उलटा हिशेब त्यानंतर सुरू झाला.

या म्हणण्यावर आक्षेप आहेत आणि त्यातले काही भक्कम आहेत. सर्वात भक्कम आक्षेप किडीचा. मराठवाड्यातली जुनी घरे माळवदाची. तुळयांवर लाकडे-फळ्या आणि वर मातीचा जाड थर. श्रीमंताच्या वाड्याला साग असे, साध्या घरात कडुलिंब, बाभूळ, मिळेल ते. अशा घरात बाभळीच्या लाकडातून पिठासारखा भुसा गळणे ही नेहमीची तक्रार, आणि ती खरी आहे. पण भुसा कोणत्या भागातून गळतो? बाहेरच्या पांढुरक्या रसकाठातून. झाडाने साठवलेले पिष्ट त्या भागात असते आणि भुंगेऱ्याच्या अळ्या त्या पिष्टासाठीच लाकूड पोखरतात. सारकाष्ठ बऱ्याच प्रमाणात सुटते. यावर उपाय जुनाच आहे: साल काढलेली खोडे काही महिने ओढ्याच्या डोहात, तळ्यात किंवा विहिरीत बुडवून ठेवायची, मग सावलीत हळूहळू वाळवायची. पाण्यात पिष्ट आंबून निघून जाते, किडीला खायला काही उरत नाही. अमावास्येच्या सुमारास तोडलेले लाकूड किडत नाही, ही समजूत याच्या जोडीला ऐकू येते. तिच्यापेक्षा थंड-कोरड्या दिवसांत तोडावे आणि तोडल्यावर लगेच चिरावे, हा सल्ला जास्त भरवशाचा. बाभूळ ओली असताना करवतीला वश होते. वाळली की करवतीचे दात बोथट करते.

केवळ जुन्या उपायावर ज्यांचा विश्वास बसत नाही त्यांनी केरळ आणि मलेशियातल्या रबराच्या झाडाचा इतिहास पाहावा. चीक आटलेले रबराचे झाड कित्येक दशके फक्त जाळायला जात होते. त्याचे लाकूड पिष्टाने भरलेले; तोडल्यापासून काही दिवसांतच त्याला बुरशी आणि भुंगेरे लागत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते तोडताच चिरून बोरॉनच्या क्षारांत मुरवण्याची आणि भट्टीत वाळवण्याची पद्धत बसली, आणि तेच लाकूड आज जगभर फर्निचरला जाते. मलेशियाच्या निर्यातीत त्याचे मोठे स्थान आहे. या काळात झाड बदलले नाही, त्याचे लाकूडही बदलले नाही. बदलली ती तोडल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतली प्रक्रिया. बाभळीचा रसकाठ रबराच्या लाकडाहून वाईट नाही, आणि तिच्याकडे रबराच्या झाडाला नसलेले घट्ट सारकाष्ठही आहे. तेव्हा कीड लागते हे खरे, पण त्यावरून लाकूड टाकाऊ ठरत नाही. प्रक्रिया झाली नाही, एवढेच ठरते.

दुसरा आक्षेप आकाराचा. बाभळीचे खोड आखूड, वाकडे, लवकर फांदणारे. तिच्यातून लांब सरळ फळी निघत नाही. हेही खरे. पण लांब फळी हवीच असते का, हा प्रश्न विचारायला हवा, आणि त्याचे सर्वात सुंदर उत्तर इजिप्तमध्ये आहे. नाईलकाठची बाभूळ आणि गोदाकाठची बाभूळ एकाच जातीच्या. हेरोडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात नाईलवरच्या मालवाहू नौकांचे वर्णन केले आहे: बाभळीच्या दोन-दोन हात लांबीच्या फळ्या विटांसारख्या रचून त्या बांधल्या जात. विद्वानांना हे वर्णन बराच काळ नीट उलगडत नव्हते. पुढे अलेक्झांड्रियाजवळच्या समुद्रात बुडालेल्या थोनिस-हेराक्लिऑन या बंदरात त्याच काळातल्या अनेक बोटी सापडल्या, आणि त्यातल्या सतराव्या क्रमांकाच्या नौकेची बांधणी या वर्णनाशी जुळते, हे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवले गेले. बाभळीच्या आखूड फळ्या, लांब कुसवांनी एकमेकींत गुंफलेल्या, आणि नौकेची लांबी पंचवीस मीटरच्या वर. ज्या देशात लांब सरळ झाड नव्हते त्या देशाने आखूड लाकडातून मोठी वस्तू करण्याची विद्या काढली. आपल्या सुताराने चाकाचा परिघ वाकड्या तुकड्यांतून साधला तोही याच विद्येचा भाग आहे. तिथे फांदीचा नैसर्गिक बाक उलट कामाला येतो. आजच्या कारखान्यात लहान तुकडे दात्यांनी जोडून मोठे फळे करणे ही नेहमीची गोष्ट आहे. जमिनीवर बसवायच्या लाकडी पट्ट्या, खुर्चीचे पाय, अवजारांचे दांडे यांपैकी कशालाही दहा फुटी खोड लागत नाही.

तिसरा आक्षेप काळाचा आहे: चाके गेली, लाकडी नांगर गेले, आता बाभळीचे कौतुक कशाला? इथे भावुक होण्याचे कारण नाही. लोखंडी धावेचे लाकडी चाक डांबरी रस्ता उखडते, आणि टायरची गाडी बैलाला ओढायला हलकी जाते. लाकडी नांगराच्या जागी लोखंडी नांगर आला तो अधिक चांगला होता म्हणूनच आला. परभणीच्या कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ ला झाली आणि २०१३ पासून ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. तिथे पशुशक्तीच्या योग्य वापरावर संशोधन करणारी योजना आहे आणि तिने बैलांसाठी जी सुधारित औते तयार केली ती लोखंडाचीच आहेत. लाल कंधारी बैलांच्या या प्रदेशात ते काम मोलाचे आहे, आणि ती औते पुन्हा लाकडाची करावीत असे कुणी म्हणणार नाही. मात्र एक वस्तू कालबाह्य झाली म्हणून तिचे द्रव्य कालबाह्य होत नाही. धक्का सोसणे, झीज न होणे, न चिरणे या गुणांची गरज आजही संपलेली नाही. कुऱ्हाडीला आणि हातोड्याला लाकडी दांडा लागतोच, कारण लोखंडी दांडा सगळा हादरा मनगटात पाठवतो. अलीकडे लाकडी घाण्याच्या तेलाला शहरात गिऱ्हाईक वाढले आहे, आणि त्या घाण्याच्या उखळाला व लाटेला दिवसभर रगडून न झिजणारे लाकूड लागते. ही मागणी लहान आहे, पण वीटभट्टीपेक्षा जास्त भाव देणारी आहे.

शेतकऱ्याचा स्वतःचा आक्षेप यापेक्षा निराळा असतो: बाभूळ सावली करते, पीक मारते, पाखरे बसवते, काट्यांनी पाय फोडते. सावलीखाली उत्पन्न घटते हे खरेच आहे. नत्र साठवणारे झाड असले तरी ऊन आणि ओल यांसाठी ते पिकाशी झगडतेच. प्रश्न किती झाडे, कुठे आणि कशी राखायची एवढाच आहे. छत्तीसगडच्या धानशेतीत शेतकरी बाभळी शेतातच ठेवतात, दरवर्षी छाटतात, दहाएक वर्षांनी तोडतात आणि धानाची घट लाकडात भरून काढतात. आपल्याकडे तर यासाठी निसर्गानेच एक रूप दिले आहे. रामकाठी बाभूळ सरूसारखी उभी वाढते, फांद्या अंगालगत वर नेते, तिची सावली अरुंद पडते आणि खोड तुलनेने सरळ मिळते. बांधावर लावायची तर हीच लावावी. केंद्र सरकारने २०१४ साली राष्ट्रीय कृषिवानिकी धोरण जाहीर केले. असे धोरण करणारा भारत जगातला पहिला देश. पण बांधावर काय लावावे असे विचारले की आजही पहिले नाव सागाचे येते, काळ्या पाणथळ जमिनीतसुद्धा. तिथे लावलेला साग वर्षानुवर्षे काठीसारखा राहतो, आणि त्याच बांधावर आपोआप उगवलेली बाभूळ पंधरा-वीस वर्षांत चाकाच्या तुंब्याएवढी होते.

एक गोंधळ इथेच दूर केला पाहिजे. बाभळीची बदनामी पुष्कळदा दुसऱ्याच झाडामुळे झाली आहे. पडीक जमिनी, रेल्वेचे काठ आणि नाले व्यापणारी वेडी बाभूळ ही मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकात ती भारतात आणली गेली. तिची झुडपे फोफावतात, इतर काही उगवू देत नाहीत, आणि आपल्याकडे तिचे खोड क्वचितच कामाच्या जाडीचे होते. ती काढून टाकावी याबद्दल वाद नाही. पण ‘बाभळी साफ करा’ म्हणून मोहीम निघते तेव्हा यंत्राच्या दात्याला वेडी आणि गावरान यांतला फरक कळत नाही. सुबाभूळ हे तर तिसरेच, मऊ लाकडाचे झाड. कागदाच्या लगद्याला चांगले, चाकाला निरुपयोगी. नावात बाभूळ आली की लाकूड एकच, असे समजणाऱ्यांत शिकलेलेही पुष्कळ आहेत.

राहिला शेवटचा युक्तिवाद: बाभूळ उत्तम जळते, मग जाळायला काय हरकत? ती उत्तम जळते यात शंका नाही. किलोमागे तिच्यातून सुमारे ४८०० ते ४९५० किलोकॅलरी उष्णता मिळते. पण नीट वाळलेल्या बहुतेक लाकडांचा किलोमागचा आकडा याच्या आसपासच असतो. चुलीत बाभूळ सरस वाटते, निखारा जास्त वेळ टिकतो, कोळसा भारी होतो, त्याचे कारण एका ढलपीत माल जास्त आहे हे. म्हणजे ज्या घट्टपणासाठी आपण तिला जाळतो तोच घट्टपणा तिला तुंब्याच्या, दांड्याच्या आणि घाण्याच्या कामाची करतो. जळणाला फांद्या पुरतात. त्यांची उष्णता खोडापेक्षा कमी नसते. सालीत टॅनिन असल्याने ती कातडे कमावायला चालते, शेंगा जनावरांना, डिंक लाडवांना. खोड तेवढे वेगळे काढायचे असते.

तेव्हा परभणीच्या शेतकऱ्याला विनंती एवढीच आहे. बांधावरची जुनी बाभूळ विकायची झाली तर सगळे झाड एका क्विंटलच्या भावात देऊ नये. छातीच्या उंचीवर घेर मोजावा. दोन हात घेर आणि तीन-चार फूट बिनगाठीचे खोड असेल तर ते फांद्यांपासून वेगळे तोडावे, साल काढून पाण्यात टाकावे, आणि सुताराला, दांडे करणाऱ्याला किंवा घाणेवाल्याला आधी विचारावे. भट्टीवाला कुठे जात नाही. त्याला फांद्या द्याव्यात.